म्हशीच्या हौदातलं कमळ

आमच्या कुंभार पिंपळगावात चतुराकाकू नुसत्या चालीवरून ओळखू येतात. आधी टाच आपटते, मागून पदर येतो. "लावून राह्यले ना मंग," असं म्हणाल्या की समजावं, आता माघार न्हाई.

माहेरच्या तळ्यातून कमळाचे दोन गड्डे आणून त्यांनी मळ्यातल्या हौदात लावले. कपाशीला चालतं ते कमळाला का नको, म्हणून मातीत पाटीभर शेणखत कालवलं. थोड्याच दिवसांत पाणी काळं पडलं. म्हैस आली, हुंगली आणि फुर्रर करून परत फिरली. एक गड्डा कुजला. धाकटे दीर काकासाहेब तोंडातलं पान सांभाळत म्हणाले, "वैनी, हौद जनावराचा हाय. पुन्हा पाणी नासलं तर गड्डा बांधावर. मी बिलकुल ऐकणार न्हाई."

उरलेला गड्डा काकूंनी नुसत्या वाळूत लावला. पाणी नितळ राहिलं, पण गड्डा सुटून बुचासारखा तरंगला. मग ओट्यावर पाण्याचे तांबे मांडून त्यांनी प्रत्येकात वेगळी माती कालवली. शेतातली काळी माती गढूळच राहिली. कडूबा कुंभाराच्या खाणीतली चिकणमाती मात्र तळाशी बसली.

काकू कडूबाकडे गेल्या. त्यानं मोठ्या मायेनं मळलेला गोळाच पुढं केला. काकूंनी हुंगून खाली ठेवला. मडकं तडकू नये म्हणून कुंभार कालवतात ती घोड्याची लीद त्यात होती. बिगर मळलेली द्या म्हणाल्या. कडूबाला ते लागलं.

"माय, ह्या मातीचा देव पाटावर बसतो."

"अन् पाण्यात गेला की इरघळतो. मला पाण्यात लीद नको."

कडूबानं कुरकुरत कोरी माती खणून दिली. फुटक्या रांजणाच्या बुडात ती दाबून काकूंनी गड्डा लावला आणि म्हशीच्या नाकाडानं ढवळू नये म्हणून वर खडे पसरून ते बूड हौदात ठेवलं.

पहिलं पान पाण्यावर आलं तसे काकासाहेब म्हैस घेऊन हजर. म्हैस हुंगून थांबली. काकूही थांबल्या. मग म्हैस गटागटा प्याली आणि शेवटच्या घोटाबरोबर पानही ओढून घेतलं.

पाणी बराबर आहे, असं काकासाहेब हसू दाबत म्हणाले. काकूंनी कोपरापर्यंत हात घालून चाचपलं. गड्डा जागेवर घट्ट होता, शेजारी दुसरं पान गुंडाळी करून उभं.

"भाऊजी, गड्डा हौदातच ऱ्हाईल ना?"

"ऱ्हाईल."

"मंग उद्यापासनं म्हैस त्या टोकाला पाजा," म्हणत काकू कुंपणाला बाभळीच्या फांद्या तोडायला निघाल्या.