शाडूचं बाळ

नाताळच्या सुमारास पेणच्या गल्लीतून जाताना गणपतीच्या कारखान्यांतून ओल्या शाडूचा वास येतो आणि माझं चित्त थाऱ्यावर राहत नाही. इतरांना त्या वासाने गणपती आठवत असेल. मला एक बाळ आठवतं, आणि ते कुणाचं होतं हे मला अजून धड सांगता येत नाही.

वडिलांचा मूर्तींचा लहानसा कारखाना होता. एका थंडीत रोह्याहून एक ख्रिस्ती परिचारिका आली. मूळची वसईकडची, नवरा धाटावला कंपनीत. घरी नाताळचा गोठा मांडायचा होता, त्यात ठेवायला तिला बाळ येशू हवा होता. जन्मभर देवच घडवलेल्या वडिलांना त्यात काय अवघड? त्यांनी हां हां म्हणता मूर्ती केली. डोक्यावर मुकुट, ओठांवर प्रसन्न हसू, आणि हाताच्या सवयीने उजवा तळवा आशीर्वादाला उचललेला.

बाईंना हसू आवरेना. “काका, नुकतं जन्मलेलं पोर आशीर्वाद देतं का? त्याला मानपण धरता येत नाय.”

“पन देव हाय ना तो? अवतार घेतलेला?”

“देवच. पण सोंग नाय घेतलं त्याने. खराच माणूस झाला. भुकेला, रडला, शेवटी मेलापण. मला बाळासारखं बाळ द्या.”

त्या दिवसापासून वडिलांची झोप उडाली. जेवता जेवता उठायचे, माती मळायचे, घडवलेलं मोडायचे. एकदा आईला म्हणाले, “आपला गणपती गावाला जातो, पुढल्या वर्षी येतो. देव मरतो म्हंजे काय गो?” मीही घरात उगाच या खोलीतून त्या खोलीत फिरत होते.

अखेर बाळ झालं. मुठी आवळलेल्या, ओठ रडायच्या बेतात, उजवा कान वरून जरासा दुमडलेला. आई चहा घेऊन आली आणि कप खाली ठेवून तशीच उभी राहिली. “ह्यो माजा हाय,” ती म्हणाली. माझ्याआधी तिला एक मुलगा झाला होता. बारशाआधीच गेला. घरात त्याचा विषय कधी निघत नसे. त्याचा तो दुमडलेला कान वडिलांच्या बोटांनी एवढी वर्षं जपून ठेवला होता, हे बहुधा त्यांनाही ठाऊक नव्हतं.

बाई मूर्ती न्यायला आल्या तेव्हा आई ती पदरात घेऊन बसली होती. वडिलांनी चाचरत सगळं सांगितलं. बाई तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या. “तुमचा हाय तर राहू दे काकू.”

आईने विचारलं, “पान्यात कदी सोडता याला?”

“सोडत नाय. कापसात गुंडाळून ठेवतो, दर नाताळला काढतो.”

“मातीत पन नाय ना ठेवत?”

“नाय.”

“मग ने,” आई म्हणाली. “थंडी हाय, नीट गुंडाळ.”

पुढे दर नाताळला आम्ही एसटीने गडब, नागोठणं करत रोह्याला जायचो. बाई गोठ्यापुढे गुडघे टेकून प्रार्थना म्हणायच्या. आई हात जोडत नसे. पुढे वाकून फक्त बाळाचं पांघरूण सारखं करायची. दोघी एकाच मूर्तीकडे बघत असत, आणि मी मध्ये बसून दोघींच्या तोंडाकडे. हे बाळ दोघींतल्या खरं कुणाचं, हा प्रश्न मला तिथे स्वस्थ बसू देत नसे.

आता आई नाही, वडील नाहीत. बाईंचं कुटुंब बदली होऊन कुठे गेलं, पत्ता नाही. वडिलांच्या हातून घडलेला प्रत्येक देव पाण्यात जायचा, म्हणून त्यांनी हाही कच्च्या शाडूचाच ठेवला होता. इतके गणपती मी पाण्यात जाताना पाहिले, देवाचं काही बरंवाईट होईल असं मनात कधी आलं नाही. याच्याबद्दल मात्र दर पावसाळ्यात जीव खालीवर होतो. कुणाच्या तरी कपाटात तो असेल, आणि त्याला ओल लागली तर?