मनगट नाही, बोट

सटवाजी तात्या चालताना उजव्या हाताचं एक बोट सुटं ठेवतात. बाकीची बोटं आत मुडपलेली आणि अंगठ्याजवळचं बोट खाली, जरासं मागं कललेलं, कुणीतरी येऊन धरील अशा बेतानं. परभणीच्या भाजीबाजारात त्यांच्या मागून चालणाऱ्याला ते सहज दिसतं. कुणी विचारलं तर ते हात पाठीमागं घेतात.

"सवय हाय," म्हणतात. "पोलीसखात्यातली."

पोलीसखात्यात हाताला सवय लागते ती मनगट धरण्याची. तात्याही कितीतरी वर्षं मनगटच धरत आले होते.

मानवतजवळच्या खेड्यातलं त्यांचं कुणब्याचं घर. आधीची लेकरं वाचली नाहीत म्हणून आईनं सटवाईला नवस बोलून यांचं नाव सटवाजी ठेवलं. खाकी मिळाली, लग्न झालं, तानुबाई घरात आल्या. जिंतूर, पाथरी, परभणी अशा बदल्या होत गेल्या. त्या प्रत्येक गावच्या खोलीत तानुबाईंनी पाळण्यासाठी आढ्याची कडी आधी पाहून ठेवली. पुढं पुढं ती पाहणं त्यांनी सोडून दिलं.

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतरावरून दंगल उसळली तेव्हा तात्यांना एका जळालेल्या वस्तीवर पाठवलं होतं. तिथं राखेत काहीतरी चाचपत एक लेकरू बसलं होतं. तात्यांच्या पिशवीत भाकर होती. ती पुढं करत ते जवळ गेले. लेकरानं वर पाहिलं, खाकी पाहिली, आणि किंचाळत ते हायब्रीड ज्वारीच्या रानात शिरलं. खूप हाका मारल्या, पण ते बाहेर आलं नाही. तात्यांनी भाकर बांधावर ठेवली. 

त्याला दहा वर्षं झाली. मुलांसाठी नवा कायदा आला आणि औरंगाबादला प्रशिक्षण लागलं. हरवलेली, पळालेली, गुन्ह्यात सापडलेली लेकरं ज्यांच्या हाती येतात, त्या पोलिसांसाठी आणि निरीक्षणगृहातल्या माणसांसाठी. ठाण्यातून कुणी जायला राजी नव्हतं.

"लेकरं खेळवायला आता शाळा शिकायची का?" असं म्हणून सगळे हसले. तात्यांचा गुडघा बंदोबस्तात उभं राहून राहून कामातून गेला होता. साहेबांनी त्यांचंच नाव पाठवलं.

शिकवायला पुण्याहून एक वयस्क बाई आल्या होत्या. समोर सगळे खाकीत. त्या म्हणाल्या, "उद्यापासून साध्या कपड्यांत या. लेकरापुढं जाताना हा गणवेश नको." मग म्हणाल्या, "आधी विचारायचं, जेवलास का. पळालास का, ते मागनं." कुणीतरी वहीत लिहून घेतलं. तिसऱ्या गोष्टीसाठी त्यांनी तात्यांना पुढं बोलावलं आणि स्वतःचं मनगट त्यांच्यासमोर धरलं.

"धरा. चोर धरता तसं."

तात्यांनी संकोचत धरलं.

"आता मला काय वाटत असेल?"

"सुटावं वाटत असंल, बाई."

सगळे हसले. बाईंनी हात सोडवून घेतला आणि तात्यांचं एक बोट मुठीत धरलं. "आता?"

तात्या आपल्या बोटाकडं पाहत राहिले.

"मनगट आपण धरतो," बाई म्हणाल्या. "बोट लेकरू धरतं. सोडायचं की नाही, ते त्याच्याकडं राहतं."

"अन् बाई, सोडून पळालं म्हंजी?" मागच्या बाकावरून एक जण ओरडला. "आमची नोकरी जायची की!"

"पळालं तर कुठं पळतं ते बघा," बाई म्हणाल्या. यावर सगळ्यात जास्त हशा झाला.

परत आल्यावर तात्यांना ते काम कायमचंच मिळालं. घर सापडलेली लेकरंही परभणीच्या निरीक्षणगृहात महिनोन्‌महिने अडकून पडायची, कारण पोहोचवायला पोलीस नसायचा. नामांतराचा मोर्चा असो की विरोधाचा बंद, सगळे बंदोबस्तात. तात्या मात्र पांढरा सदरा, पायजमा आणि टोपी घालून एस.टी.त बसायचे. शेजारी कुठलं तरी लेकरू, त्याच्या मुठीत तात्यांचं बोट.

"लेक का?" शेजारची बाई विचारायची.

पहिल्या खेपेला त्यांनी सगळं समजावून सांगितलं. दुसऱ्या खेपेला थोडं. मग नुसतं "हं" म्हणू लागले. सरकारी वॉरंटवर प्रवास फुकट होता, पण ते दाखवलं की आख्ख्या गाडीला कळायचं. तात्या खिशातून पैसे काढायचे आणि कंडक्टरला म्हणायचे, "एक फुल, एक हाफ." हे म्हणताना आवाज जरा मोठाच निघायचा.

त्या वर्षी दिवाळीनंतर बन्सी आला. पाच वर्षांचा असेल. परभणी स्टेशनवर पोत्यांच्या आडोशाला झोपलेला सापडला. बापाचं नाव विचारलं तर "आबा", आईचं विचारलं तर "माय", गावाचं नाव विचारलं तर "आमचं गाव". जवळच्या ठाण्यांत कुणाची तक्रार नव्हती. निरीक्षणगृहाचे अधीक्षक गुरुसिद्धप्पा यांनी त्याला तात्यांच्या हवाली केलं. रविवारी-बुधवारी घेऊन हिंडायचं, ओळखीचं काही दिसतं का पाहायचं.

तानुबाई दर रविवारी, ते दोघं निघायच्या आधी, शेंगदाण्याचे लाडू घेऊन निरीक्षणगृहाच्या दाराशी जाऊ लागल्या. शेजारच्या कमलबाईंनी हटकलंच.

"कुनाचं, कुठलं, कोन जातीचं, काय ठाव हाय का तानुबाई?"

"ठाव हाय की. दोन लाडू खातंय अन् तिसरा खिशात ठिवतंय."

गुरुसिद्धप्पा एकदा बोलता बोलता म्हणाले होते, "जमादार, घर सापडलंच न्हाई, तर बालकल्याण मंडळ चांगल्या माणसाकडं लेकरू सोपवू शकतं. कायद्यात हाय तसं." तात्यांना ते ठाऊक होतं. औरंगाबादला हे सांगत होते तेव्हा ते अगदी ताठ बसून ऐकत होते. घरी आल्यावर त्यांनी तानुबाईंना सांगितलं.  दुसऱ्या दिवशी तानुबाईंनी आपलं जुनं मऊ लुगडं फाडून लहान वाकळ शिवायला घेतली.

संक्रांत झाली आणि पाथरीच्या स्टँडवर हुरडा खाता खाता बन्सी अचानक बोलायला लागला.

"तात्या, आमच्या गावात देवळंच देवळं हायत. पाऊस आला की आमची शेळी देवळात बसती. अन् एक लय उच्चा खांब हाय दगडाचा. त्याच्यावर चढायचं नसतंय."

तात्यांच्या हातातला हुरडा तसाच राहिला. ते जिंतूर ठाण्यात असताना चारठाण्याला कितीदा जाऊन आले होते. ती पडकी देवळं, तो खांब त्यांना चांगलाच माहीत होता.

"बरं," ते म्हणाले. "खा."

पुढच्या खेपेला ते बन्सीला मानवतला घेऊन गेले. मग परत पाथरीला. मग आणखी कुठं कुठं. प्रत्येक स्टँडवर उतरून ते नेमानं विचारायचे, "हे का रं गाव?" बन्सी मान हलवायचा आणि तात्यांच्या बोटावरची मूठ आवळायचा. गाडीत झोप आली की तो त्यांच्या मांडीवर आडवा व्हायचा, पण बोट सुटायचं नाही. कुणी "लेक का?" विचारलं की आता तात्यांच्या आधी तोच "हं" म्हणायचा.

शिमगा जवळ आला तेव्हा एका संध्याकाळी वाकळीला शेवटची कड घालताना तानुबाईंनी विचारलं, "कुनीकडं कुनीकडं हिंडून झालं?"

तात्यांनी नावं सांगितली.

"जिंतूरकडं?"

 तात्यांनी खांब, शेळी, देवळं, सगळं सांगून टाकलं.

"सायबाला सांगितलं?"

"न्हाई."

तानुबाईंचा हात थांबला.  मग म्हणाल्या, "त्याच्या मायला ठाव तरी हाय का, लेकरू जित्तं हाय म्हून?"

 तानुबाईंनी दोरा तोडला, वाकळीची घडी केली आणि डब्यात लाडू भरायला घेतले. "उद्या न्या," म्हणाल्या. "आन् हे त्याच्यासंगं द्या. समदे."

जिंतूरहून जीपमध्ये बन्सी झोपला होता. चारठाण्याच्या वळणावर हिसका बसला, तो उठला आणि बाहेर पाहू लागला. बोटावरची मूठ एवढी आवळली की तात्यांना दुखलं. जीप थांबली. खाली उतरले. बन्सीनं खांबाकडं पाहिलं, देवळाकडं पाहिलं, आणि मूठ सुटली.

तो पळाला. गुडघ्यामुळं तात्यांना धावता येत नव्हतं. ते जागच्या जागी उभं राहून तो कुठं पळतो ते पाहत राहिले. देवळाच्या मागून, विहिरीवरून, गावाच्या कडेला निळा झेंडा होता तिकडं.

लंगडत ते पोहोचले तोवर अंगणात गर्दी झाली होती. बन्सीची आई सरजाबाई त्याचे हात, पाय, डोकं पुन्हा पुन्हा चाचपत होती. बाप चंद्रभान पुढं आला.

"तुमी कोन, बाबा?"

वाटेवर कुणी काही विचारलं की "हं" म्हणायची सवय झालेली. इथं ती कामाची नव्हती.

"पोलीस," तात्या म्हणाले.

चंद्रभानचे हात आपोआप जोडले गेले आणि तो एक पाऊल मागं सरला. सरजाबाईनं पोराला पाठीशी घातलं. बन्सीनं तिच्या मागून डोकं काढलं.

"न्हाई माय. पोलीस न्हाई. तात्या हायत."

मग हळूहळू सगळं कळलं. वीटभट्टीच्या कामाला निघालेले, परभणीला पाणी भरायला उतरले तेव्हा लेकरूही मागं उतरलं, गाडी सुटल्यावर लक्षात आलं. पूर्णेपर्यंत शोधलं, नांदेडपर्यंत शोधलं. काम सोडून परत आले.

"पोलिसात कामून आला न्हाईत?" तात्यांनी विचारलं. "लेकरू आमच्याकडंच व्हतं की."

चंद्रभाननं मातीकडं पाहिलं. "अठ्ठ्याहत्तरला आलो व्हतो ना, बाबा. तवाच पायलं आमी, कोन कुनाचं ऐकतंय ते."



गाव कधी कळलं होतं, हे त्या दोघांनी विचारलं नाही. तात्यांनीही सांगितलं नाही.

सरजाबाईनं पिठलं टाकलं, तव्यावरची भाकर वाढली. तात्या अंगणातच बसून जेवले. लाडवाचा डबा त्यांनी भिंतीशी ठेवला. निघाले तेव्हा बन्सी शेळीच्या पिल्लामागं धावत होता. हाक मारावी असं त्यांच्या फार मनात आलं. मारली नाही.

परतीच्या एस.टी.त कंडक्टरनं विचारलं, "किती?"

"एकच," तात्या म्हणाले.

घरी तानुबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. "सापडलं?"

"सापडलं."

"काय घातलं तिनं जेवायला?"

"पिठलं. भाकर."

"गरम व्हती का?"

"तव्यावरची."

त्या आत गेल्या. स्टोव्ह पेटवला. थोड्या वेळानं बाहेर येऊन त्यांनी पुन्हा तेच विचारलं, आणि तात्यांनी पुन्हा तसंच सांगितलं. वाकळ नंतर निरीक्षणगृहात गेली. रविवारचे लाडू मात्र तानुबाई अजूनही नेतात, ज्या कुणा लेकराला लागतील त्याला.

नव्वदनंतर प्रशिक्षणं परभणीतच होऊ लागली. तात्या निवृत्त झाले तरी गुरुसिद्धप्पा त्यांना एक तास बोलायला बोलावतात. चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाचा नामविस्तार झाला, बंदोबस्त उठला, त्यानंतरच्या तुकडीलाही ते गेले होते. फार बोलत नाहीत. कुणा एका जवानाला पुढं बोलावतात, त्याच्या हातात आपलं मनगट देतात, मग त्याचं बोट मुठीत धरतात. मागच्या बाकावरून कुणीतरी हटकून विचारतंच.

"तात्या, पळालं म्हंजी?"

"कुनीकडं पळतंय ते बगा," तात्या म्हणतात.  मूठ सैल होते, जवानाचं बोट सुटतं. "अन् तिकडं न्यायला उशीर करू नका."