पालखीचा पहिला थांबा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. पक्षात तर नाहीच — तिथे असं काही बोलणं म्हणजे आपणच समोरच्याच्या हातात दगड देणं. तुम्हाला सांगतोय, कारण तुमची-माझी ओळख नाही.

ओळख सांगायची तर गोडदेव गावचा मुलगा, ठाण्याच्या कोर्टात वकिली, मग नगरसेवक, आणि आता मंत्र्यांचा विशेष कार्य अधिकारी. सत्कारात हे एका दमात वाचतात. मधला एक दिवस कोणी वाचत नाही — कसा वाचणार?

आमच्या गावदेवीची पालखी पूर्वापार एका अरुंद पाखाडीने, घरांमधल्या दगडी पायवाटेने यायची आणि पहिली थांबायची दामूकाकांच्या दारात. काका आमच्याच आळीतले. त्यांच्या घरची मिठागरं गेली, भातशेती गेली. उरला होता तो हा मान. मग एका बिल्डरने त्या पाखाडीवर भिंत घालायला घेतली आणि काका माझ्याकडे आले. मी मनाईहुकमासाठी अर्ज केला. केस चांगली होती — हे मी आजही वकील म्हणून सांगतो.

नेमकं सुनावणीच्याच दिवशी पक्षाने उमेदवारीच्या मुलाखतीला बोलावलं. ज्युनिअरला कोर्टात पाठवता आलं असतं, पुढची तारीख मागता आली असती. विसरलो का? नाही. मुलाखत घेणाऱ्यांच्या शेजारी तोच बिल्डर बसणार, हे मला ठाऊक होतं. मला कोणी दम दिला नाही, साधं सुचवलंही नाही. माझं मीच समजून घेतलं.

आमच्या बाजूने कोणी उभंच राहिलं नाही, म्हणून अर्ज फेटाळला गेला. संध्याकाळी काकांना एवढंच म्हणालो, "कोर्टाने अर्ज फेटाळला." वाक्य खरं होतं — वकिलाचं खोटं बोलणं बरेचदा असंच असतं. अर्ज पुन्हा उभा करता आला असता. पण त्यासाठी वकील कुठे होता, हे कोर्टाला सांगावं लागलं असतं. मी मुदत जाऊ दिली.

काका म्हणाले, "न्हाय तं न्हाय, बाला. तू हाय ना आमचा." निवडणुकीत ते माझ्यासाठी दारोदार फिरले.

पुढे मी मंत्रालयात गेल्यावर एकदा भेटायला आले. भिंतीचं सरकारातून काही होईल का, विचारत होते. मी चहा मागवला आणि म्हणालो, कोर्टाने नाकारलेल्या गोष्टीत सरकार कसं पडणार? त्यांना ते पटलं. मला लाज वाटली, पण चहा संपेपर्यंतच.

भिंतीमुळे पालखी मोठ्या रस्त्याने, रिक्षा स्टँडला वळसा घालून जाऊ लागली. त्या वाटेवर गावातलं पहिलं घर माझं — नवं, दुमजली. पहिला थांबा आता कुठे, यावर गावाची बैठक बसली. मी "माझ्याकडे नको" म्हणू शकलो असतो. गप्प बसलो. माझं नाव कोणी सुचवलं? काकांनीच.

यंदाही पालखी माझ्या दारात आली. काका काठी टेकत, भिंतीच्या कडेकडेने चालत आले. काकू ओटीचं ताट घेऊन माझ्या फाटकाबाहेर रांगेत उभ्या होत्या. काकांनी पिशवीतून नारळ काढला आणि सगळ्यांदेखत माझ्या हातात दिला.

मी तो वाढवला.