लेकीच्या खेळाचा शेवट

माझ्या हातून आयुष्यात घडलेल्या चुकांमध्ये ही सर्वांत मोठी नाही. परंतु ती करताना मला पुण्य केल्याचा आनंद झाला होता, म्हणून ती लिहून ठेवावीशी वाटते.

माझी मुलगी हिंगोलीतल्या एका संगणक वर्गात शिकवते. रविवारी दुपारी जेवणे आटोपली की ती लॅपटॉपवर एक गेम खेळत असे. एक अंतराळयान माणसांना घेऊन दूरच्या ग्रहाकडे निघाले आहे आणि खेळणारा त्या यानाचा कप्तान, असा तो खेळ. जवळजवळ दोन वर्षे तो चालला होता. मी मागच्या खुर्चीत वर्तमानपत्र घेऊन बसे आणि त्याच्या कडेवरून पाहत राही. यानात एक म्हातारा डॉक्टर होता, भाजीपाला पिकवणारी एक बाई होती आणि माणसासारखे बोलणारे एक यंत्र होते. कोणाशी कसे बोलावे, कोणाला वाचवावे, हे मुलगी ठरवी आणि त्याप्रमाणे ती माणसे बदलत जात.

अखेरीस कप्तान तीन दारांसमोर आला. एक उघडले तर यान पुढे जाणार, दुसरे उघडले तर मागे फिरणार, तिसरे उघडले तर ते त्या यंत्राच्या स्वाधीन होणार. तिथे मुलगी थांबली. हा शेवट पाहून अनेक खेळाडू चिडले आहेत, असे तिने सांगितले. कोणतेही दार उघडा, एक छोटे भाषण होते आणि खेळ संपतो. इतके दिवस सांभाळलेल्या माणसांचे पुढे काय झाले, ते कोणी सांगत नाही. म्हणून तो शेवट पाहण्यापूर्वी आपल्याला हवा तसा शेवट ती एका वहीत लिहीत होती. वहीचे मला नंतर कळले. मला एवढेच दिसत होते की कप्तान पाच रविवार दारांसमोर ताटकळत उभा आहे.

मला ते बघवेना. माझे वडील आमच्या गावी, साखऱ्याच्या देवळात पोथी वाचत. सुरू केलेली पोथी अर्धी ठेवू नये, हे आमच्या घरात न सांगता कळत असे. वाचणाऱ्याला मध्येच सुतक आले, तर उरलेले अध्याय वडील त्याच्या वतीने वाचून पूर्ण करीत आणि पारायण त्याचेच धरले जाई.

माझ्या ऑफिसला सुटी असलेल्या एका दिवशी मुलगी वर्गावर गेली असताना मी अंघोळ करून लॅपटॉप उघडला. मागे बसून बसून बटणे कळली होती. यान यंत्राच्या हाती देणे मनाला पटेना आणि मागे फिरणे अशुभ वाटले. मी पुढे जाण्याचे दार उघडले. भाषण झाले, एक ग्रह दिसला, खेळ तयार करणाऱ्यांची नावे सरकू लागली. मी डॉक्टरची वाट पाहत बसलो. तो आलाच नाही. त्या खेळात आपण कुठवर आलो याची एकच नोंद, म्हणजे सेव्ह, राहते आणि नवी जुनीच्या जागी बसली की मागे जाता येत नाही, हे मला ठाऊक नव्हते.

संध्याकाळी मी तिला समाधानाने सांगितले की तुझे राहिलेले पूर्ण केले. तिने लॅपटॉप उघडून पाहिला.

"बाबा, तुमी काहून हात लावला?"

मी पोथीचे आणि सुतकाचे सांगितले.

"त्या लोकांना सुतक असायचं. मला काय झालं होतं?"

दहावीनंतर तिचा प्रवेशअर्जही मीच भरला होता. विचारायचे राहून गेले, असे मी तेव्हा म्हणालो होतो. खरे तर विचारायचे मी टाळले होते. त्या संध्याकाळी मी दोन्हींबद्दल तिची क्षमा मागितली. खेळाबद्दल तिने एक अट घातली.

"मी पहिल्यापासून खेळणार. तुमी काय पाहिलं, ते मला सांगायचं न्हाई."

यावर पत्नी म्हणाली की ज्यांच्या पोटात घरची गोष्ट ऑफिसात पोहोचेपर्यंत टिकत नाही, ते काय गप्प राहणार.

मी आठ महिने गप्प राहिलो. डॉक्टर पडद्यावर आला की मुलगी वळून माझा चेहरा पाही. मी वर्तमानपत्र वर धरी. पहिल्या वेळी न भेटलेल्या कितीतरी गोष्टी तिला या वेळी भेटल्या, आणि कधीकधी ती खुर्ची सरकवून मला जवळ बसवू लागली.

पुन्हा तीन दारे आली, तेव्हा तिची वही पूर्ण झाली होती. तिने ती मला वाचून दाखवली. तिच्या शेवटात डॉक्टर नव्या ग्रहावर दवाखाना काढत नाही. तो त्या बाईच्या वाफ्यांना पाणी घालतो आणि तिच्या शिव्या खातो. मग मुलीने मागे फिरण्याचे दार उघडले. तेवढेच भाषण झाले, समोर आपली पृथ्वी आली, नावे सरकू लागली.

"तुमच्या वेळी पण असंच?"

"बराबर असंच," मी म्हणालो.

"आन् डॉक्टर?"

"मीही वाट पाहिली."

ती पोट धरून हसली. त्या दुपारी आम्ही दोघांनी त्या खेळाच्या कर्त्यांना जेवढी नावे ठेवली, तेवढी मी कोणत्याही साहेबाला ठेवली नसतील. शेवटी तिने त्यांना पत्र लिहायला घेतले. तहसील कचेरीत जन्म मसुदे लिहिण्यात गेल्यामुळे मी 'उपरोक्त विषयास अनुसरून' अशी सुरुवात सुचवली. ते काही तहसील न्हाई, असे म्हणून तिने आपल्याच शब्दांत लिहिले. प्रत्येक माणसाबद्दल निदान दोन वाक्ये तरी सांगा, एवढीच आमची मागणी होती.

समारोपापाशी ती थांबली आणि आता काय लिहू, असे तिने विचारले. माझ्याकडे एक चांगले वाक्य तयार होते. तुझे पत्र आहे, तूच ठरव, असे मी म्हणालो आणि चहा ठेवायला उठलो. मी चहा घेऊन आलो, तोवर तिने काहीतरी लिहिले होते. काय लिहिले, ते मी अजून विचारलेले नाही.