जलीलभाईंचा बारावा वन्स मोअर

लातुरात साडेतीनशे माणसं एका मिनिटात मंडपाबाहेर काढण्याचा मान माझ्याकडे जातो. साल चौऱ्याण्णव, महिना जानेवारी. भूकंपाला चार महिने होत आले होते, पण जमीन अजून अधूनमधून कूस बदलायची. अशा दिवसांत भूकंपग्रस्तांच्या मदतीसाठी एका मैदानावर, पत्र्याचं कुंपण ठोकून, संगीत नाटक ठेवलं होतं. मी नेहमीप्रमाणे उशिरा पोचलो. मागे पत्र्याला टेकवून घडीच्या लोखंडी खुर्च्यांची थप्पी रचलेली होती. त्यातली वरची खुर्ची काढावी एवढी अक्कल मला असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. मी मधली ओढली.

पन्नासेक खुर्च्या पत्र्यावर कोसळल्या. "भूकंऽऽप!" म्हणून कुणीतरी बोंब मारली आणि मंडप रिकामा झाला. राणीचं काम करणाऱ्या बाई मुकुटासकट मागच्या दारानं थेट रस्त्यावर गेल्या. तबलजी तबला काखेत मारून पळाला, डग्गा राहिला.

मंडपात आम्ही दोघंच उरलो. मी, आणि तिसऱ्या रांगेत बसलेला एक उंच, किडकिडीत माणूस. डोक्यावर जाळीची टोपी, दाढीत अडकलेला कापसाचा पुंजका. "वन्स मोअर" म्हणून त्यानं वर केलेला उजवा हात अजून वरच होता. तो हात हळूच खाली घेत त्यानं वळून माझ्याकडे बघितलं.

"खुर्चीच पाहिजे होती तर मागायची ना, मास्तर."

मी मास्तर आहे हे त्यांनी कशावरून ओळखलं, मला आजही माहीत नाही. काही केल्या लोक परत आत यायला तयार होईनात. नाटक दुसऱ्या अंकातच संपलं.

दुसऱ्या दिवशी पत्ता काढून माफी मागायला गेलो. गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत जलीलभाई पिंजाऱ्यांचं गाद्यांचं दुकान. पिंजणीची तार टणत्कार करत होती आणि दुकानभर कापूस उडत होता. मी शब्द जुळवत उभा राहिलो, तर तेच म्हणाले, "बसा. गादीवर बसा, खुर्ची न्हाई ठेवत आम्ही." आतून त्यांच्या बायकोचं, वहिदाभाभींचं, हसू ऐकू आलं. म्हणजे घरात सगळं कळलेलं होतं.

त्या दिवशी जो चहा झाला तो पुढं वर्षानुवर्षं होत राहिला. मी ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवायचो. लातुरात मराठीचा तास म्हणजे मुलांना फिजिक्सची गणितं सोडवायला मिळणारा निवांत वेळ. त्यामुळे माझं बोलणं कुणीतरी ऐकायची मला गरज होती. जलीलभाई ऐकायचे, पण मधूनच थांबवायचे. "आता मी बोलतो."

आणि ते बोलायचे नाटकांबद्दलच. नवव्या वर्षी औशाच्या बाजारात त्यांनी पहिलं संगीत नाटक बघितलं, ते कनातीखालून. आडवं पडून, गाल मातीला लावून. दिसत होते फक्त पाय. "राजाच्या मोज्याला टाचेत भोक होतं मास्तर, पण गाणं असं भरीव! अन् प्रधान लबाड हाय हे मला सगळ्यांच्या आधी कळलं. बोलताना एक, अन् अंगठा दुसरंच करून राहिला." तीन अंक संपले तरी राजाचं तोंड कसं होतं ते त्यांना माहीत नव्हतं.

धर्माबादला एकदा ऐन पदात लाईट गेली. गाणारा थांबला नाही, पेटीवालाही थांबला नाही. कुणीतरी शहाण्यानं जीप आणून हेडलाईट मंचावर सोडले, तशी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जलीलभाई एकटेच ओरडले, "बत्ती बंद करा अन् वन्स मोअर!" तो त्यांचा सातवा.

हो, ते वन्स मोअर मोजून द्यायचे. एका नाटकाला एकच, आणि तोही बहुतेक नाटकांना नाहीच. तीस वर्षांत अकरा. उंच सुराला टाळ्या पडायच्या तेव्हा हे पान लावत बसलेले असायचे.

"मग द्यायचा कधी?" मी विचारलं.

"गाणाऱ्याकडं बघायचंच न्हाई. पेटीवाल्याकडं बघायचं. तो रोज तेच वाजवतो, त्याला कंटाळा आलेला असतो. त्यानं मान वर करून बाईकडं बघितलं, की समजायचं, आज काहीतरी झालं."

"पंचवीस वर्षं झाली स्वयंपाक करून राहिले," भाभी आतून म्हणाल्या, "मला एकबी वन्स मोअर न्हाई."

"तुझ्याकडं पेटीवाला कुठं हाय?" जलीलभाई म्हणाले. आतून भांडं आपटलं. ते माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "हे गडगडणं खरं. तुमचं खोटं होतं."

माझ्या खुर्च्यांनी नेमकं काय मोडलं होतं ते मला दोन वर्षांनी कळलं, तेही भाभींकडून. भूकंप झाला त्या दिवशी जलीलभाई दुकानातल्या सगळ्या गाद्या आणि गोधड्या जीपमध्ये टाकून किल्लारीला गेले होते. तीन दिवसांनी आले. अंगावर पांघरायला नेलेल्या गोधड्या कशाकशावर घालाव्या लागल्या, ते त्यांनी घरी सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून त्यांनी पिंजण हातात धरली नाही. दुकान पोरगा, यासेर, बघायचा. हे नुसते दारात बसून राहायचे. गाणं लावलं तर उठून जायचे. जानेवारीतल्या नाटकाला भाभींनीच त्यांना ढकलून पाठवलं.

"रात्री घरी आले ते तुम्हाला शिव्या देत आले," भाभी म्हणाल्या. "चार महिन्यांत पहिल्यांदा इतकं बोलले. म्हणाले, आज पहिल्यांदा कानात काहीतरी शिरलं होतं, वहिदा, अजून एकदा ऐकायचं होतं. सकाळी उठून पिंजण घेतली."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, बारावा वन्स मोअर हवेतच राहिला होता. राणीचं काम करणाऱ्या त्या बाई पुन्हा लातूरला आल्या नाहीत. कंपनीही पुढं बंद पडली. जलीलभाई येईल ते नाटक बघत राहिले, पण हात कधी वर गेला नाही. मी प्रत्येक नाटकात त्यांच्या हाताकडेच बघत बसायचो आणि नाटक माझ्या हातून जायचं.

मग नाटकंही आटली. क्लासेस वाढले. जिथं पदं व्हायची तिथं पाचपाचशे पोरं बसून माइकवरून रसायनशास्त्र ऐकू लागली. जून उजाडला की एसटी स्टँडवरून पोरं, आया, ट्रंका, बादल्या यांची रांग निघायची आणि ती जलीलभाईंच्या दुकानाशी थांबायची. प्रत्येक भावी डॉक्टरला गादी लागत होती. यासेरनं मशीन घेतलं. जलीलभाई उशा तेवढ्या हातानं भरायचे आणि क्लासवरून जाता-येता मास्तरांचा अंदाज घ्यायचे. "आवाज चांगला हाय," एकाबद्दल म्हणाले, "पण सम सापडत न्हाई. पोरं वाट बघून राहिलेत."

दोन हजार पाच साली मी अकरावीच्या वर्गाला 'माझी आजी' हा निबंध दिला. साठ जणांपैकी अठ्ठावन्न आज्या प्रेमळ होत्या आणि गोष्टी सांगत होत्या. एकीची आजी कडक होती. आणि नांदेडहून क्लाससाठी आलेल्या साक्षी नावाच्या मुलीनं लिहिलं होतं, 'माझी आजी सरजाबाई नाटकात राणी व्हायची. एकदा लातूरला खोटा भूकंप झाला, तेव्हा ती मुकुट घालून रस्त्यावर धावली आणि एका रिक्षावाल्यानं तिला कुठं जायचं विचारलं.'

मी त्या निबंधाला पैकीच्या पैकी मार्क दिले आणि वही तशीच उचलून गंजगोलाईत गेलो. जलीलभाईंनी वाचून घेतलं. मग नव्या उशीसाठी कापड फाडायला घेतलं.

पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीनं आम्ही दोघं नांदेडला निघालो. त्यांच्या मांडीवर नवी उशी होती. मला म्हणाले, "तिथं कुठल्याच वस्तूला हात लावू नका."

सरजाबाई लेकाकडे राहायच्या. सत्तरी ओलांडलेल्या, सुपारीसारख्या बारक्या. श्वास घेताना छातीत शीळ वाजायची. उशी त्यांनी दाबून बघितली, मांडीवर घेतली. लातूरचं नाव निघताच डोळे लकाकले.

"अगं बाई, लातूर! तिथं कुणीतरी गाढवानं खुर्च्या पाडल्या होत्या. सापडला का तो?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये शिरलो. जलीलभाई म्हणाले, "न्हाई. पण मास्तर होता म्हणतात."

मग त्यांनी सांगितलं, मी तिसऱ्या रांगेत होतो, मी हात वर केला होता. बाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. "तो आवाज तुमचा होता? मी परत घ्यायला श्वास भरलाच होता हो." आणि काही विचारायच्या आत त्यांनी गुडघ्यावर ठेका धरला.

पहिली ओळ फाटली. त्या थांबल्या, खाकरल्या, खाली उतरून पुन्हा सुरू झाल्या. दुसऱ्या ओळीला आवाज कुठून तरी गोळा झाला. पेटी नव्हती, तबला नव्हता. स्वयंपाकघराच्या दारात त्यांची सून पोळपाट हातात घेऊन उभी राहिली. रोज तिच्याच घरातली ही सासू, पण मान वर करून अशी बघत होती जणू आत्ताच कुणी पाहुणी आली आहे. जलीलभाई बाईंकडे बघतच नव्हते. ते त्या सुनेकडे बघत होते.

अंतरा झाला, पद संपलं. जलीलभाईंचा उजवा हात मांडीवरून उठला. अर्ध्यापर्यंत आला. बाईंनी तो पाहिला, हसल्या, आणि पद पुन्हा उचलायला श्वास भरला. तो श्वास छातीतच अडकून शीळ घालू लागला.

हात खाली गेला.

अकरा वर्षांचं ओझं एका शब्दावर येऊन थांबलं होतं. मी त्यांच्या कानाशी जाऊन म्हणालो, "जलीलभाई, अहो म्हणा ना! म्हणून टाका एकदा!"

"बाईला दम लागलाय मास्तर, पंखा वाढवा."