आईच्या पदरावर बसलेली फुलपाखरं

मी शाळेत विज्ञान शिकवते. भुताखेतांचा विषय निघाला की माझं ठरलेलं — "पुरावा दाखवा." त्यामुळे हे लिहिताना जरा लाजच वाटतेय. पण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, इलाज नाही.

उस्मानपुऱ्यातल्या घरात आम्ही दोघीच, आई आणि मी. बाबा गेल्यावर आई सहा महिने घराबाहेर पडली नव्हती. तिला बाहेर काढलं ते फुलपाखरांनी. दर रविवारी शहराबाहेरच्या लेण्यांच्या मागच्या खडकाळ टेकडीवर जायचं. मी शोधायची, ती मोबाइलवर फोटो काढायची. नियम एकच... अंगावर फुलपाखरू बसलं की ते आपणहून उडेपर्यंत हलायचं नाही.

मागच्या वर्षी, मार्चमधली सकाळ. पावणेआठ वाजले असतील. एक फुलपाखरू दगडावर पंख पसरून ऊन खात होतं. आपली सावली पडली की ते उडतं, म्हणून आई मोबाइलमध्ये बघत एकेक पाऊल मागे सरकत होती. मी वीसेक पावलांवर. आणि मला दिसलं — तिच्या मागे खडक संपत होता. खाली सरळसोट दरी.

ओरडावं तर ती दचकणार... मी दबक्या पावलांनी तिच्याकडे निघाले.

तेवढ्यात दरीतून फुलपाखरं वर आली. केशरी, निळी, पिवळी... पंधरा-वीस तरी असतील. आईच्या खांद्यावर, पदरावर, मोबाइल धरलेल्या हातावर बसली. आई जागच्या जागी थांबली.

"हळू ये गं," ती पुटपुटली. "लई बसलेत. मला हालता येत नाय."

मी गेले, मनगट धरलं आणि तिला माझ्याकडे ओढलं. सगळी एकदम उडाली. आई वर बघत राहिली, मी खाली पाहिलं. ती उभी होती तिथून कडा वीतभरही लांब नव्हता. तिला चार पावलं पुढे आणलं आणि मटकन बसून ढसाढसा रडले.

फुलपाखरांच्या एका जाणकाराला नंतर विचारलं. म्हणाला, "घामातल्या मिठाला येतात." अहो, पण गार वारा सुटला होता, आईला घाम कुठला? आणि इतक्या वेगवेगळ्या जातींची, एकाच क्षणी?

कड्याचं आईला मी अजून सांगितलेलं नाही. ती पुन्हा घरात बसेल, ही भीती. टेकडीवर आता तिचा हात सोडत नाही, एवढंच. ती मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगते, "आमची पोरगी दगडाच्या काळजाची, पण फुलपाखरं बघून लेकरावानी रडली."