रिळकाकांनी कापलेली शांतता

रिळकाकांची बायको त्यांना नावाने कधी हाक मारत नसे. स्वयंपाकघरातून ती "अहो, ऐकलंत का?" एवढंच म्हणे. ज्या माणसाने जन्मभर ऐकण्याचाच धंदा केला, त्याला तेवढी एक हाक कधीच ऐकू जात नसे, हा त्या घरातला जुना विनोद होता. काकांच्या कानांवर हेडफोन असत आणि ते मागच्या खोलीत बसलेले असत. म्हणजे बसलेले तिथे, पण असलेले दुसरीकडेच कुठेतरी.

नोकरीत असताना ते ध्वनिमुद्रणाच्या खात्यात होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी भंगारात निघालेली दोन रिळांची यंत्रं घरी आणली, त्यांचे पट्टे बदलले, तेलपाणी केलं आणि लोकांची जुनी रिळं, जुन्या कॅसेटी ऐकून संगणकावर उतरवून द्यायचं काम सुरू केलं. रीळ घेऊन यायचं आणि अंगठ्याएवढा पेनड्राइव्ह घेऊन जायचं. बरोबरीच्या वयाची माणसंही त्यांना काकाच म्हणू लागली, आणि रीळ हा शब्द त्यांना कायमचा चिकटला.

या कामात घाई चालत नाही. फोटोंचा गठ्ठा भराभर पालथा घालता येतो, पुस्तक चाळता येतं. पण एका तासाच्या रिळाला एक तासच द्यावा लागतो. काका तो आनंदाने देत. कापसाचा बोळा स्पिरिटात बुडवून यंत्राचं हेड पुसायचं, फीत ओवायची, खटका दाबायचा. चकत्या फिरू लागल्या की खिडकीतलं ऊन हळूहळू जमिनीवरून सरकत जाई आणि काका दुसऱ्याच कुणाच्या तरी दुपारी जाऊन बसत. कुणीतरी कविता म्हणतंय, मागे कपबशी वाजतेय, दार करकरतंय, एक म्हातारा दर ओळीनंतर खोकतोय. ती घरं काकांनी पाहिलेली नसत, पण त्यातलं कुठलं दार करकरतं हे त्यांना ठाऊक असे. एकदा भाजीच्या दुकानात मागून एका बाईंचा आवाज आला, "कोवळी बघून द्या हो." काका वळलेच. ही ती कविता म्हणणारी मुलगी! आता केस पिकलेले. ‘तुमच्या आजोबांचा खोकला बरा झाला का हो?’ असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. भाजी घेऊन मुकाट्याने घरी आले.

कामाच्या त्यांच्या दोन ठाम सवयी होत्या. पहिली म्हणजे सावली झाडणं. फीत रिळावर वेढ्यावर वेढा अशी गुंडाळलेली असते. वेढे एकमेकांना चिकटून पडून राहिले, की एका वेढ्यातला आवाज शेजारच्या वेढ्यात थोडासा झिरपतो. म्हणून जुन्या रिळात कधीकधी माणूस बोलायच्या आधीच त्याचा तोच शब्द, भिंतीपलीकडून आल्यासारखा, पुसट ऐकू येतो. काका त्याला सावली म्हणत. रीळ दोन-तीनदा उलटसुलट फिरवलं की सावली फिकी पडते, म्हणून रीळ हातात आलं की ते आधी झाडून घेत. दुसरी सवय शांतता कापण्याची. बोलणं सुरू होण्याआधीची रिकामी फीत ते संगणकावर छाटून टाकत. "लोकांना माणसं हवी असतात," ते म्हणत, "खरखर कशाला द्यायची?"

एका सकाळी साठी ओलांडलेली एक बहीण आणि तिचा धाकटा भाऊ दारात उभे राहिले. बहिणीच्या हातात पातळ पत्र्याचा डबा होता.

"यात माझ्या आईचा आवाज आहे," ती म्हणाली. "आणि हा माझा भाऊ. यानेच खाल्लंय ते."

"काय खाल्लं?" काकांनी विचारलं.

"माझं नाव."

"तिचं नाही, माझं," भाऊ शांतपणे म्हणाला. "मी माझंच नाव खाल्लंय. तिचं काय गेलं त्यात?"

"बसा आधी," काका म्हणाले. "नाव कुणाचं ते नंतर बघू."

हकिगत अशी होती. ही दोघं अगदी लहान असताना आई आजारी पडली आणि तिला हवापालटासाठी दूर पाठवलं. जाण्याआधी तिने वडिलांच्या यंत्रावर पोरांसाठी एका आळशी ढगाची गोष्ट बोलून ठेवली. रोज निजताना लावायची म्हणून. ती परत आली नाही. तिचा म्हणून एवढाच आवाज उरला. पण आई हवापालटाला गेल्यावर चार दिवसांतच धाकट्याने यंत्राचं ध्वनिमुद्रणाचं लाल बटण दाबलं आणि गोष्टीच्या आधीचा तिचा पहिला शब्द पुसला गेला. त्या जागी आता धाकट्याचाच किनरा आवाज होता, "मी!" आणि लगेच पुढे आईचा, "...झोपलं माझं?"

"‘मी’ म्हणे!" बहीण म्हणाली. "तेव्हापासून हा असाच. सगळीकडे मी, मी."

"आई हिला चिवचिव म्हणायची आणि मला टुणटुण," भाऊ म्हणाला. "ते ‘टुणटुण झोपलं माझं?’ असं आहे."

"‘चिवचिव झोपलं माझं?’ आहे!"

लाडात आलं की मराठी बोलणाऱ्याच्या तोंडून नपुंसकलिंग निघतं, आणि त्यात मुलगा-मुलगी दोन्ही मावतात. आई ‘झोपली’ म्हणाली असती तर बहीण जिंकली असती, ‘झोपला’ म्हणाली असती तर भाऊ. ती ‘झोपलं’ म्हणून निघून गेली आणि खटला जन्मभर चालू राहिला.

भाऊ रिक्षा बघायला खाली उतरला तेव्हा बहीण मागे रेंगाळली. "काका, त्याचं नाव निघालं तरी चालेल मला," ती हळूच म्हणाली. "पण कुणाला हाक मारत होती ते कळावं. तिच्या तोंडून माझं नाव कसं यायचं, ते मला आठवतच नाही. आणि माझा एक कान गेलाय, दुसरा निघायच्या तयारीत आहे."

"पुसलेलं परत येत नाही हो, ताई," काका म्हणाले. खोटी आशा लावायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

त्यांनी रीळ नेहमीप्रमाणे उलटसुलट झाडलं, उतरवलं, सुरुवातीची शांतता छाटली आणि दोघांना ऐकायला बोलावलं. "मी!" खोलीत घुमलं. मग आई. मग ढगाची गोष्ट. भाऊ खाली मान घालून ऐकत होता. बहिणीने मात्र हात वर केला.

"पुन्हा लावा. याच्या आधीचं कुठाय?"

"आधी काही नाहीये, ताई. नुसती खरखर होती."

"नाही कशी? आमच्या यंत्रावर ऐकू यायचं. शेजारच्या खोलीत कुणीतरी बोलतंय असं. मग हा ‘मी’ करून ओरडायचा. मला वाटायचं, आई श्वास घेतेय."

काका हातातली पेन्सिल तशीच धरून बसले. शेजारची खोली! शब्द पुसला गेला होता तो एका वेढ्यावरचा. त्याची सावली आधीच्या वेढ्यावर पडली असणार, आणि तिथवर लाल बटणाचा हात पोचलाच नव्हता. इतकी वर्षं ती त्या शांततेत बसून होती. आणि आपण ती झाडली, वर ती जागाही कापली.

"काका, बरं वाटत नाहीये का?" भावाने विचारलं.

"बरं आहे. माझ्याकडून चूक झालीय," काका म्हणाले. "कापलेलं रिळावर आहे अजून. पण मी ते झाडलंय. आता किती उरलं असेल, सांगता येत नाही."

त्यांनी हेड पुन्हा पुसलं. नको इतक्या वेळ पुसलं. रीळ हाताने, चकतीवर दोन बोटं ठेवून, बाळाला कुशीवर वळवावं तसं मागे घेतलं. आवाज पार वर नेला. एक हेडफोन बहिणीच्या कानांवर चढवला, दुसरा भावाच्या, आणि स्वतः स्पीकरच्या पेटीला कान लावून बसले.

खटका दाबला. समुद्रासारखी खरखर आली. खोलीतलं ऊन, कपाटावरची धूळ, सगळं त्या आवाजात बुडून गेलं. आणि मग तळातून, ओल्या कापडात गुंडाळल्यासारखं काहीतरी वर आलं. दोनदा आलं. तोच आवाज, लागोपाठ.

‘दोनदा!’ भावाचे डोळे चमकले. टुणटुण. पण चिवचिवसुद्धा दोनदाच की.

"मी!" बहीण मोठ्याने म्हणाली.

नेमक्या त्याच क्षणी फितीतला छोटा भाऊही म्हणाला, "मी!"

"...झोपलं माझं?" आईने विचारलं.

काकांनी यंत्र थांबवलं. बहीण आपल्याच तोंडावर हात ठेवून बसली होती. ते आपण का म्हणालो, हे तिचं तिलाच उमगायचं होतं.

"कोण कोण," ती म्हणाली. "अरे, ‘कोण कोण झोपलं माझं?’ दिवा घालवून दारात उभी राहायची. आठवतंय? आणि आपण दोघं पांघरुणातून ओरडायचो, मी! जो ओरडेल तो जागा, त्याला गुदगुल्या."

भावाने हेडफोन काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाला, "म्हणजे मी बरोबर उत्तर दिलं होतं."

"प्रश्न पुरा व्हायच्या आत दिलं होतंस, गाढवा."

"तू आत्ता काय केलंस मग?"

दोघं हसायला लागली, आणि हसता हसता बहिणीने हेडफोनच्या वायरीलाच डोळे पुसले, कारण रुमाल भावाच्या हातात होता.

काका म्हणाले, "ही सावली उचलून तिच्या जागेवर बसवता येईल मला. आईचं वाक्य सलग होईल. फक्त तुमचा ‘मी’ काढावा लागेल."

"काढा," भाऊ लगेच म्हणाला. "आयुष्यभर ऐकलाय मी तो ‘मी’."

"खबरदार!" बहीण म्हणाली. "तिने विचारलंय, त्याने सांगितलंय. आहे तसंच राहू दे. आणि काका, ती खरखर पण द्या हं मला. सगळी."

ती दोघं वाद घालतच जिना उतरली. आधी कोण ओरडायचं, यावर. काकांनी सुरुवातीची शांतता जशीच्या तशी ठेवून फाइल पुन्हा पेनड्राइव्हवर चढवली आणि हेडफोन काढून नुसतेच बसून राहिले. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं होतं. घर शांत होतं, पण आता त्यांना ती शांतता रिकामी वाटेना. स्वयंपाकघरात भांडं ठेवल्याचा आवाज आला, मग बांगड्यांचा, मग कुणीतरी बोलायच्या आधी घेतं तसा एक श्वास.

"अहो, ऐ..."

"हो, ऐकलं," काका म्हणाले.

मग बायको पदराला हात पुसत दारात आली आणि त्यांच्याकडे बघत म्हणाली, "अजून मी काही विचारलंच नाही."